कष्टाचे बळ आणि कसरतीचे बळ

जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला खंडोबाचा जो खंडा तोलून धरण्याची चढाओढ लागते, त्याचे वजन सुमारे ४२ किलो आहे. तो एका हाताने पेलणे, दातांत धरून उचलणे, अशा कसरती त्या दिवशी होतात, करणाऱ्यांची वाहवा होते, आणि पुढे वर्षभर खंडा देवाच्या स्वाधीन राहतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने १८९९ साली कच्च्या लोखंडाच्या ज्या लगडी मजुरांकरवी रेल्वेच्या वाघिणीत चढवून घेतल्या, त्यांतील एकेका लगडीचे वजन ९२ पौंड, म्हणजे योगायोगाने जवळजवळ तेवढेच, भरत असे. फरक इतकाच की टेलरने आपल्या १९११ च्या ग्रंथात ‘श्मिट’ या टोपणनावाने ज्याची हकिकत जगभर पोहोचविली, तो मजूर अशी लगड दिवसाकाठी अकराशेंहून अधिक वेळा उचलीत होता, आणि त्याबद्दल त्याचा रोज १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेला होता. वजन तेच, माणसाचा देहही थोड्याफार फरकाने तोच. तरी पहिल्या प्रकारास आपण कसरत म्हणतो आणि दुसऱ्यास कष्ट, आणि या दोहोंत खरे बळ कशाने येते हा वाद गावच्या पारापासून शहरातील चहाच्या टपरीपर्यंत आजही तितक्याच हिरिरीने चाललेला असतो.

या वादाचा निकाल आपल्याकडे बहुधा आधीच लागलेला असतो. बाजारात पाठीवर पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा, हाडापेराने किरकोळ, पन्नाशीकडे झुकलेला हमाल एका बाजूस उभा केला जातो, दुसऱ्या बाजूस जिममध्ये दंड फुगविलेला तरुण, आणि पहिल्याचे बळ अस्सल व दुसऱ्याचे शोभेचे, असा निवाडा देऊन मंडळी मोकळी होतात. या निवाड्यात श्रमजीवी माणसाविषयीचा आदर आहे, म्हणून तो ऐकावयास गोड वाटतो. तथापि तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पाठीवर कधी पोते चढलेले नसते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिवाय त्यात निदान चार वेगवेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत: एका क्षणी जास्तीत जास्त भार कोण उचलतो, दिवसभर मध्यम भार कोण वाहतो, अवघड आकाराचे, हलते, निसटते ओझे कोणास अधिक साधते, आणि वयाच्या साठाव्या वर्षी कोणाच्या अंगात काय शिल्लक राहते. प्रत्येकाचे उत्तर निराळे येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचे दुर्बल झालेले स्नायू पूर्ववत करण्याचे काम करीत असता टॉमस डीलॉर्म या अमेरिकन वैद्याने भार क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याची पद्धती शास्त्रशुद्ध रीतीने बसविली व १९४५ साली प्रसिद्ध केली. आजच्या प्रत्येक जिममधील लोखंडी चकत्यांची मांडणी, अगदी सव्वा किलोच्या चकतीपर्यंत, त्या एका तत्त्वावर उभी आहे. शरीराकडे जेवढी मागणी केली जाते तेवढेच ते उभारते आणि मागणी स्थिर झाली की उभारणीही थांबते. हमालाच्या पोत्याचे वजन वाढत नाही. नवखा गडी टोळीत येतो तेव्हा पहिले काही महिने त्याचे बळ खरोखर वाढते, आणि त्यातही पुष्कळसा वाटा स्नायूंच्या वाढीचा नसून मज्जासंस्थेच्या शिक्षणाचा असतो. मोरितानी व डीव्हराइस यांनी १९७९ साली हेच दाखवून दिले होते, की व्यायामाच्या आरंभीच्या आठवड्यांत वाढलेले बळ मुख्यत्वे मेंदूने असलेल्याच स्नायूतंतूंना अधिक संख्येने व अधिक एकजुटीने कामास लावल्याचे असते. पुढे पोते तेच, वाट तीच. म्हणून बळ एका टप्प्यावर येऊन ठरते आणि वाढत राहतो तो दमसास व कसब. जिममध्ये मात्र आज ६० किलो तर पुढील महिन्यात ६५, असा चढता आलेख मुद्दाम आखलेला असतो. २०१६ साली एडी हॉल या इंग्रज पहिलवानाने जमिनीवरून ५०० किलो उचलले. जगातील कोणत्याही हमालीने असे बळ निर्माण केलेले नाही आणि करण्याचे तिला कारणही नाही. तेव्हा केवळ जास्तीत जास्त भाराचा प्रश्न असेल तर जिमला शोभेची म्हणून हिणविणे हा निव्वळ हट्ट ठरेल.

परंतु बाजारातील माणसे ज्यास बळ म्हणतात ते या मापात बसत नाही, आणि येथे हमालाची बाजू एकदम भक्कम होते. लोखंडी दांडा दोन्ही बाजूंस समतोल असतो, हातात बेताचा बसतो, आणि त्याचा गुरुत्वमध्य आपली जागा सोडीत नाही. धान्याचे पोते यांपैकी काहीही पाळत नाही. ते आत हलते, कडेने ओघळते, त्याला धरावयास मूठ नसते; आणि नवख्याची निम्मी ताकद त्याला सावरण्यातच संपते. जुना हमाल ते दोघांच्या हातांनी किंवा उंचवट्यावरून अशा बेताने अंगावर घेतो की त्याचा मुख्य भार मानेखालच्या पाठीवर बसावा आणि तेथून कण्याच्या व पायांच्या हाडांतून सरळ जमिनीत उतरावा. मग तो कमरेतून बेताचा वाकलेला, आखूड व जलद पावले टाकीत निघतो, मध्ये थांबत नाही, कारण ओझ्याखाली नुसते उभे राहणेही दमविते आणि मजुरी मात्र मिळवून देत नाही. थप्पी लावताना पोते फेकले जात नाही, खांद्याच्या एका हिसड्याने ते जागेवर बसते. डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळ घालण्याची आपल्याकडची जुनी रीत याच शहाणपणाची. या साऱ्यात स्नायूंचा वाटा लोकांना वाटतो त्याहून कमी आणि भार कोठे ठेवावा या जाणिवेचा वाटा पुष्कळच अधिक असतो.

या जाणिवेची मोजदाद परदेशी शास्त्रज्ञांनी केली आहे. पूर्व आफ्रिकेतील किकुयू व लुओ स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे ओझे डोक्यावरून किंवा कपाळपट्टीने वाहताना प्राणवायूचा जादा खर्च जवळजवळ करीतच नाहीत, असे १९८६ साली नोंदले गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेली नेपाळी भारवाहकांची पाहणी तर अधिकच विस्मयकारक आहे. काठमांडूच्या बाजूने नामचे बाजारापर्यंतचा सुमारे १०० किलोमीटरांचा रस्ता, त्यात एकूण ८००० मीटरांचा चढ, आणि पुरुषांच्या पाठीवर सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझे! त्यांतील काहींचे ओझे त्यांच्या वजनाहूनही सव्वापट होते. पण त्यांच्या चालीतील मर्म वेगळेच आहे: ते फार सावकाश चालतात आणि वारंवार, थोड्याथोड्या अंतरावर, पाठीचे ओझे काठीवर टेकवून विसावा घेतात. वेग आणि विसावा दोन्ही त्यांच्या मर्जीचे असतात, आणि पुढील विवेचनात याचे महत्त्व दिसून येईल.

जिम आणि हमाली असे दोनच पक्ष उभे करणारा वाद महाराष्ट्रात तरी अपुरा आहे, कारण आपल्याकडे तिसरा एक साक्षीदार फार जुन्या काळापासून हजर आहे, तो म्हणजे तालीम. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली बांधून घेतलेले खासबाग मैदान, बडोद्यास माणिकरावांनी उभी केलेली व्यायामशिक्षणाची परंपरा, औंधच्या पंतप्रतिनिधींचा सूर्यनमस्कारांचा प्रचार, अमरावतीचे १९१४ सालचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केलेला व्यायाम ज्ञानकोश, ही सारी नावे ज्या पिढीने तोंडपाठ केली होती तिला शरीर कमावणे म्हणजे काय हे कोणी परदेशातून येऊन सांगण्याची जरुरी नव्हती. जोर, बैठका, जोडी, करेल, गदा, नाल, मल्लखांब यांनी कमावलेले शरीर कुस्तीच्या हौद्यात कसाला लागत असे. १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. शेतकऱ्याचे घर, मातीचा आखाडा, आणि पाठीशी गावोगावच्या लोकांनी उभी केलेली वर्गणी.

येथे एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शेतातील कष्टांनीच जर अस्सल बळ येत असेल, तर शेतकऱ्याने आपला मुलगा तालमीत कशाकरिता पाठविला? आणि पाठविल्यावर त्याला नांगरापासून, मोटेपासून, खळ्यावरच्या पोत्यांपासून मोकळे कशाकरिता केले? कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत राहणाऱ्या पोरांच्या घरून धान्य, तूप आणि बदामांसाठी पैसे येत. शेतातल्या कामाला दोन हात कमी पडले तरी चालतील, पण पहिलवान दमता कामा नये, असा घरच्यांचा बंदोबस्त असे. ज्यांचे अवघे आयुष्य कष्टांत गेले, त्या माणसांनीच कष्ट व बळसंपादन ही दोन वेगळी खाती मानली होती, आणि त्यांचा हा निर्णय टपरीवरच्या पंडितांच्या निर्णयाहून मला अधिक वजनदार वाटतो. त्याच वेळी तालमीने कष्टांशी नाते तोडलेले नाही, हेही खरे. हौद्याची लाल माती फावड्याने खणून वरखाली करणे हा पहिलवानाच्या रोजच्या व्यायामाचाच भाग आहे. काम अगदी शेतमजुराचे, पण किती खणावयाचे आणि कधी थांबावयाचे हे वस्ताद ठरवितो, आणि त्यात वस्तादाचा स्वार्थ शिष्याच्या शरीराशी बांधलेला असतो. मुकादमाचा तसा नसतो.

टेलरच्या हकिकतीतील सर्वांत बोलका आकडा मला दिवसाच्या टनांच्या बेरजेचा वाटत नाही. त्याच्याच हिशेबाप्रमाणे ९२ पौंडांची लगड वाहणाऱ्या माणसाने दिवसाच्या केवळ ४३ टक्के वेळ ओझ्याखाली असावे आणि ५७ टक्के वेळ त्याचे हात रिकामे असावेत. तसे झाले तरच तो दिवसाला साडेसत्तेचाळीस टन चढवू शकतो; त्याआधी टोळीची दरडोई सरासरी साडेबारा टनांचीच होती. पुढील काळातील संशोधकांनी टेलरच्या या कथनातील तपशिलांविषयी पुष्कळ शंका घेतल्या आहेत, व त्या रास्त आहेत. तरी विसाव्यामुळे काम वाढते हे तत्त्व त्याने मालकांच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न केला, हे नाकारता येत नाही. त्याच्याच ग्रंथात दुसरीही एक कबुली आहे: लगडी वाहणाऱ्या टोळीतील आठांपैकी एखादाच माणूस या गतीने काम करण्यास लायक निघाला. म्हणजे कामाने श्मिट घडविला असे म्हणण्यापेक्षा कामाने तो निवडून काढला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. बाजारातील तो पन्नाशीचा हमाल असाच निवडून उरलेला असतो. त्याच्याबरोबर विशीत टोळीत आलेले, कंबर धरल्यामुळे, गुडघा गेल्यामुळे, अंतर्गळ उतरल्यामुळे जावळी-पाटणच्या डोंगरातल्या आपापल्या गावी परत गेलेले गडी कोणाच्या डोळ्यांपुढे नसतात. आणि जो उभा राहिला त्याच्याकडे बोट दाखवून आपण कष्टांच्या पौष्टिकतेवर प्रवचन करतो. जिममध्येही पैसे भरून दोन महिन्यांत नाहीशी होणारी मंडळी पुष्कळ असतात. पण त्यांचे पैसे जातात, मणके जात नाहीत.

आता आयुर्मानाचा प्रश्न, ज्यावर वैद्यकशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत दोनदा आपले मत फिरविले. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, असे निष्पन्न झाले. मॉरिस यांची प्रामाणिकता अशी की त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे दफ्तरातून काढून तपासली आणि चालक मंडळी विजारीच्या मापावरूनच मुळात अधिक लठ्ठ दिसतात, हेही जाहीर केले. १९७५ साली राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्को बंदरातील ६३५१ गोदी कामगारांचा २२ वर्षांचा वृत्तांत मांडला. जड काम करणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू हलके काम करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. तेवढ्यावरून श्रम हेच औषध, असा सिद्धान्त रूढ झाला, आणि व्यायामाचा आधुनिक प्रचार या दोन पाहण्यांच्या पायावर उभा राहिला.

नंतर मात्र विपरीत पुरावा जमू लागला. डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी यांनी फुरसतीच्या वेळची हालचाल व कामावरची हालचाल वेगवेगळी मोजली. २०१८ साली नेदरलँड्समधील संशोधकांच्या पुढाकाराने १७ पाहण्या व १,९३,६९६ माणसे एकत्र घेऊन जो लेखाजोखा प्रसिद्ध झाला, त्यात अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांना अकाली मृत्यूचा धोका बैठे काम करणाऱ्यांहून १८ टक्क्यांनी अधिक आढळला; २०२१ साली कोपनहेगनच्या लाखभर रहिवाशांच्या पाहणीतही फुरसतीचा व्यायाम तारक आणि कामावरची मेहनत मारक, असाच कल दिसला. त्याच वर्षी नॉर्वेतील चार लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीने उलट साक्ष दिली, की मेहनतीचे काम करणारे पुरुष अल्पायुषी ठरत नाहीत. धूम्रपान, शिक्षण, मिळकत, लहानपणचे दारिद्र्य यांचा हिशेब जितका काटेकोर, तितका हा विरोधाभास विरघळतो, असे नॉर्वेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आहे. वाद अद्याप मिटलेला नाही. शिवाय ही सारी राष्ट्रे आजारपणात वेतन देणारी, म्हातारपणी निवृत्तिवेतन देणारी आहेत, म्हणून तेथील टक्केवारी उचलून जशीच्या तशी वाशीच्या किंवा लासलगावच्या बाजारात आणून ठेवणे हे शहाणपणाचे होणार नाही. तथापि होल्टरमान यांनी दिलेली कारणपरंपरा देशकालाच्या पलीकडची आहे. व्यायामाने नाडीचे ठोके थोडा वेळ वाढतात आणि उरलेला दिवस संथ होतात. आठदहा तासांच्या कामाने ते दिवसभर चढलेलेच राहतात, जड उचलताना वर गेलेल्या रक्तदाबास खाली यावयास फुरसत मिळत नाही, शरीर सावरण्याआधी दुसरा दिवस उजाडतो, आणि कामाची गती, ओझे, विराम यांपैकी काहीही करणाऱ्याच्या हाती नसते.

शरीरशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर बळ उचलण्याने वाढत नाही, उचलल्यानंतरच्या काळात वाढते. भारी व्यायामानंतर स्नायूंतील प्रथिनांची जडणघडण दिवस-दोन दिवस वाढलेली राहते; स्नायुबंध व अस्थी यांना त्याहूनही अधिक अवधी लागतो. जिममधील शहाणा शिक्षक आज पाय, उद्या पाठ, परवा रजा अशी आखणी करतो ती याच हेतूने. हमालाला आज पाठ, उद्या पाठ, परवाही पाठच. फिनलंडमध्ये १९८१ पासून नगरपालिकांच्या कामगारांवर जे दीर्घ निरीक्षण चालले, त्यात अंगमेहनतीच्या कामाने उतारवयात शरीराचे बळ टिकून राहते हा समज खरा ठरला नाही. चौथ्या प्रश्नाचे, साठीत काय शिल्लक राहते याचे, उत्तर म्हणूनच हमालाच्या बाजूने जात नाही, आणि येथे पारावरच्या निवाड्याने पुरते तोंडघशी पडावयास हवे.

यातच अन्नाचा प्रश्न येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या बैठ्या पुरुषास दिवसाला २११० उष्मांक पुरतात, तर जड काम करणाऱ्यास ३४७० लागतात. हा तेराशेहून अधिक उष्मांकांचा फरक भरून काढण्याची ऐपत ज्याच्यापाशी नसते, तो तो फरक आपल्या स्नायूंतून भरून देतो. तालमीने खुराक हा व्यायामाचाच अर्धा भाग मानला. पुण्याच्या हमाल पंचायतीने स्वस्त व पोटभर जेवणासाठी ‘कष्टाची भाकर’ चालविली, तिच्यामागेही हीच समज होती. जिमला जाणारा मध्यमवर्गीय तरुण मात्र आठ तास खुर्चीवर बसून, तासभर वजने उचलून, वर प्रथिनांच्या भुकटीचा डबा रिकामा करतो. ज्याची झीज सर्वांत कमी त्याच्या ताटात भरपाई सर्वांत जास्त, असा हा मामला आहे. आरशात दिसणाऱ्या स्नायूंचे लाड आणि पाठीकडे दुर्लक्ष, झटपट आकार यावा म्हणून संप्रेरकांच्या सुया टोचून घेणे, हे जिमचे दोष जगजाहीर आहेत व त्यांची येथे उजळणी करीत नाही.

जिमवाल्यांनी अलीकडे मजुराच्या हालचाली मात्र मोठ्या आवडीने उचलल्या आहेत. दोन हातांत दोन जड वजने घेऊन चालावयाचे, त्याला ‘फार्मर्स वॉक’ म्हणावयाचे. वाळूची पिशवी खांद्यावर टाकावयाची. घण घेऊन टायरवर मारावयाचा. केटलबेल हे तर मूळचे रशियातील बाजारातले धान्य तोलण्याचे माप, जे तेथील हौशी लोकांनी उचलण्याच्या खेळात आणले. स्पेनमधील बास्क प्रांतात दगड उचलणे व ओंडके तोडणे ही शेतावरची आणि रानातली कामे पैजेच्या खेळांत परिणत झाली व त्यांचे नामांकित मल्ल निर्माण झाले. या साऱ्यांत उपहास करण्यासारखे काही नाही. अवघड, बेडौल ओझ्याने जे कसब व जी पकड येते ती गुळगुळीत दांड्याने येत नाही, हे जिमने उशिरा का होईना ओळखले. आणि ओळखताना पोते तेवढे घेतले, नग मोजणारा मुकादम घेतला नाही.

आतापर्यंतच्या सर्व चर्चेत पुरुषच आले, हा केवळ या लेखाचा नव्हे, या संपूर्ण वादाचाच दोष आहे. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून निघालेल्या टोळीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो; पुरुष तोडतो, बाई पाला साळून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढते, आणि पहाटे उठून भाकरी तिनेच भाजलेल्या असतात. तिच्या बळाची तुलना कोणत्याही जिमशी कोणी केलेली मला ठाऊक नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा धरून उचलीतून पैसे कापले जातात, म्हणून पाळीच्या दिवसांतही विसावा नाही. आणि या टोळ्यांतील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके वाढले की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बळ आहे, ते रोज कसास लागते आहे, आणि तरीही त्याने शरीर तरत नाही, याचा याहून ढळढळीत दाखला शोधावयास नको.

तेव्हा माझ्या मते दोन बळांतील खरे अंतर लोखंड व पोते यांत नाही. ओझे ठरविण्याचा व खाली ठेवण्याचा अधिकार कोणापाशी आहे, यात आहे. नेपाळी भारवाहक, आखाड्यातला पहिलवान, जिममधला तरुण या तिघांपाशी तो थोडाबहुत आहे. नगावर मजुरी घेणाऱ्यापाशी तो नाही, आणि जेथे तो त्याला मिळाला तेथे तो कायद्याने व संघटनेने मिळाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने इजा होण्याजोगे ओझे उचलावयास लावू नये असे बंधन घातले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. आपल्याकडे शंभर किलोंची गोणी जाऊन पन्नास किलोंची रूढ झाली, ती हमाल संघटनांची जुनी मागणी होती. अमेरिकेच्या औद्योगिक आरोग्य संस्थेने तर १९९१ च्या आपल्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका वेळी २३ किलोंपेक्षा अधिक उचलण्याची शिफारस केलेली नाही, आणि जिममध्ये हौसेने १०० किलो उचलणाऱ्याने या आकड्यावर हसण्याचे कारण नाही, कारण तो मोजून पाच वेळा उचलतो.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून झालेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याची थोरवी मजुरीच्या दरांत जितकी आहे तितकीच त्यातील भरपगारी रजेच्या तरतुदीत आहे: मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही वसूल करून माथाडी मंडळाने तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार व रजा यांची तजवीज करावयाची, म्हणजे एके दिवशी पाठ टेकणे हा गुन्हा ठरू नये. ज्या असंख्य हमालांची नोंदणीच झालेली नाही, त्यांस मात्र या तरतुदीचा उपयोग शून्य आहे.

आणि नोंदणी झालेल्यांच्या बाबतीतही एक गोष्ट सुटून गेली आहे. पन्नास काय किंवा पंचावन्न काय, ही मर्यादा एका वेळच्या ओझ्याची आहे, दिवसाच्या बेरजेची नाही. गोणी निम्मी झाली की त्याच मालाला खेपा दुप्पट पडतात, आणि मजुरी नगावर वा वजनावर असली की खेपा कमी करणे हमालालाच परवडत नाही. एका पाठीवरून दिवसाला किती क्विंटल माल जातो, विशीत किती आणि पंचेचाळिशीत किती, हे मजुरीच्या हिशेबावरून काढता येण्याजोगे आहे. तो हिशेब मंडळांच्या दफ्तरात टोळीवार पडून असतो, आणि त्यावरून रोजच्या बेरजेची व सक्तीच्या विसाव्याची मर्यादा मुक्रर करावयास कोणत्याही नव्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही.